गेटच्या पलीकडचा हिशेब

आमच्या कारखान्यात मालाचा हिशेब नेहमी गेटपाशी संपायचा. कच्चा माल आत आला की स्टोअरच्या रजिस्टरला नोंद, तयार माल बाहेर पडला की डिस्पॅचचं चलन, आणि गाळाची गाडी तळोज्याच्या भराव क्षेत्राकडे निघाली की फॉर्म १०. तिन्ही कागद चोख असले की दिवस पार पडला. तारापूर एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी प्रोसेस डेव्हलपमेंटचं काम करते. आम्ही डाय इंटरमीडिएट बनवतो, म्हणजे ज्यापासून पुढे कापडाचे रंग तयार होतात ती रसायनं. माझं लक्ष यील्डवर, शुद्धतेवर आणि एका बॅचला किती तास लागतात यावर. आत येणारा माल कुठे आणि कसा तयार झाला, आपण सोडलेलं पुढे कुठे जाऊन पडलं, हे विचारण्याचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

ते आलं बाहेरून. युरोपातल्या एका ग्राहकाने आमच्या एका अमाइनबद्दल विचारणा केली: किलोमागे कार्बन किती? उत्तर ठरलेल्या पद्धतीनेच द्यायचं होतं, ती म्हणजे लाइफ सायकल असेसमेंट. आमच्याकडे सगळे एलसीएच म्हणतात. वस्तू खाणीतून, तेलविहिरीतून, नदीतून सुरू होते, तिथपासून ती शेवटी माती-पाण्यात मिसळेपर्यंत निसर्गातून काय काय उचललं आणि निसर्गात काय काय टाकलं, याचा पूर्ण ताळेबंद. १९६९ साली कोका-कोला कंपनीने अमेरिकेतल्या मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटकडून आपल्या बाटल्या-डब्यांचा असा अभ्यास करून घेतला, तेव्हापासून या विचाराची सुरुवात मानतात. आज या पद्धतीला आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानकं आहेत. त्यांत पहिली पायरी म्हणून जे सांगितलंय, तेच पुढे माझ्यासाठी सगळ्यात अवघड ठरलं: हिशेबाची सीमा आधी आखा.

विचारणा झालेला माल आम्ही जुन्या पद्धतीने करायचो. नायट्रो संयुग, थोडं आम्ल, पाणी आणि बिडाची पूड. लोखंड गंजतं, आणि गंजताना नायट्रोमधला ऑक्सिजन ओढून घेतं. मागे राहतं ते अमाइन. बेशां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये शोधलेली ही क्रिया. कृत्रिम रंगांचा धंदा जगभर तिच्यावरच वाढला. स्वस्त, ऑपरेटरच्या हातात बसलेली, आणि कच्च्या मालाच्या थोड्याफार फरकाने न बिघडणारी.

तिची किंमत फिल्टर प्रेसवर दिसते. प्रेस उघडली की एकेक प्लेट सरकवत न्यायची आणि कापडाला चिकटलेला काळा केक लाकडी फावड्याने खाली पाडायचा. केक गरम असतो, वाफ निघत असते, आणि वास आधी डोळ्यांत जातो. तो कोरडा पडू द्यायचा नाही, कारण हवेत तो आपोआप तापत जातो, म्हणून ढिगावर सतत पाणी मारायचं. प्रेसवरच्या माणसांचे गणवेश कितीही धुतले तरी गंजाच्या रंगाचेच राहतात. अ‍ॅनिलिन हे पुस्तकातलं सोपं उदाहरण घेतलं तर कागदावरच्या समीकरणानुसार १ किलो अ‍ॅनिलिनला सुमारे १.३५ किलो लोखंड लागतं आणि जवळपास १.९ किलो आयर्न ऑक्साईड तयार होतं. हे कोरडं वजन. प्रत्यक्षात लोखंड जास्तच घालावं लागतं आणि केक ओला असतो, त्यामुळे १ किलो मालामागे ३ किलोच्या वर गाळ गाडीत चढतो. रंगरसायनांच्या धंद्यात मालापेक्षा कचरा जास्त, हे कुणी लपवतही नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ई-फॅक्टरच्या हिशेबात अशा सूक्ष्म रसायनांना किलोमागे ५ ते ५० किलो कचरा धरलेला आहे.

पर्याय ठाऊक होता: हायड्रोजन. दाबाच्या ऑटोक्लेव्हमध्ये निकेल किंवा पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर नायट्रोचं अमाइन होतं आणि सोबत तयार होतं ते फक्त पाणी. गाळ नाही, प्रेस नाही. मला वाटलं होतं की एलसीएचे आकडे मांडले की हायड्रोजनची बाजू आपोआप सिद्ध होईल आणि मॅनेजमेंटपुढे न्यायला मजबूत कागद हाती येईल.

आकडे मांडले तेव्हा चित्र वेगळं निघालं. १ किलो अ‍ॅनिलिनला हायड्रोजन लागतो साधारण ६५ ग्रॅम. तो नैसर्गिक वायूपासून केलेला असेल तर किलोमागे १० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपल्या ६५ ग्रॅमचे ०.६५ किलो. ‘ग्रीन’ म्हणून पाण्याचं विघटन करून घ्यावा, पण वीज मात्र ग्रिडची, तर किलोभर हायड्रोजनला ५५ युनिट आणि आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे किलोमागे ३८ किलोच्या पुढे, ६५ ग्रॅमला अडीच किलो. आणि लोखंड? ते खाणीतून काढून झोतभट्टीत गाळलेलं धरलं तर १.३५ किलोचे पावणेतीन किलोपर्यंत. पण आमची पूड येते वर्कशॉपच्या लेथवर निघालेल्या बिडाच्या किसापासून. तो भंगार आहे. भंगाराचं ओझं ज्याने मूळ वस्तू बनवली त्याच्या माथी, या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नियमाने त्याचा कार्बन जवळजवळ शून्य. म्हणजे फक्त कार्बनचा आकडा बघितला तर गाळाचे डोंगर करणारी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची पद्धत पहिली येत होती.

आकड्यांत काही खोटं नव्हतं. प्रत्येकाला पुरावा होता. ग्राहकाच्या तक्त्यात तोच आकडा भरून पाठवला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर असलेल्या वसाहतीत बसून, लोखंडाचा गाळ ‘पर्यावरणपूरक’ ठरवणारा कागद मला सही करून पाठवायचा नव्हता. चूक आकड्यांत नव्हती, सीमेत होती. ग्राहकाला हवी होती ती ‘क्रेडल टू गेट’, खाणीपासून आमच्या गेटपर्यंत. आणि मोजायचं होतं ते एकच, कार्बन. गाळ आणि सांडपाणी त्या रेषेच्या बाहेर पडत होतं, किंवा आत आलंच तर विजेच्या बिलाच्या रूपात.

सांडपाण्याकडे वळले तेव्हा आधी लक्षात आलं की आमच्याकडे त्याचा आकडाच नाही. रिअ‍ॅक्शनचं तापमान, दाब, आम्लाचं वजन, सगळं लॉगबुकात तासागणिक. धुण्याच्या पाण्यापुढे मात्र लिहिलेलं, ‘स्वच्छ येईपर्यंत’. रात्रपाळीला प्रेसवर थांबून बघितलं. प्रेसवरचे काका नळीतून येणारं पाणी काचेच्या बाटलीत धरायचे, बाटली ट्यूबलाइटसमोर उंच करायचे, मान हलवली की पाणी बंद. वर्षानुवर्षांचा डोळा, आणि तो चुकतही नसे. आम्ही लाइनवर फ्लोमीटर बसवला. पहिल्या धुण्यात बहुतेक माल निघून येत होता. दुसरं पाणी फिकं. तिसरं जवळजवळ नितळ, आणि सर्वाधिक पाणी त्यातच जात होतं, तेही गरम.

‘मॅडम, हे तिसरं पाणी बघा,’ काका बाटली माझ्या हातात देत म्हणाले, ‘पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला चालेल असं मी कधीपासून म्हणतोय. पण वापरायचं तर साठवायचं कुठे? टाकी पाहिजे.’

एलसीएतली इन्व्हेंटरीची पायरी पुस्तकात कोरडी वाटते: काय आत गेलं, काय बाहेर आलं, नोंदवा. प्रत्यक्षात ती म्हणजे प्रेसवर, बॉयलरवर, सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर (ईटीपीवर) जाऊन माणसांना विचारणं. जे मोजलं जात नाही ते नेमकं कुठे वाहतंय, हे त्यांना माहीत असतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. टाकी बसली. तिसरं पाणी पुढच्या बॅचला पहिलं म्हणून वापरायला लागलो आणि धुण्याचं ताजं पाणी निम्म्याच्या आसपास आलं. आमचं पाणी येतं सूर्या नदीवरून, धामणीच्या धरणातून, आणि ज्या आदिवासी पाड्यांवरून ती पाइपलाइन येते तिथे मार्च-एप्रिलला बायका हंडे घेऊन चालतात. त्यामुळे कार्बनचा आकडा काहीही म्हणो, ही बचत मला मोठी वाटते.

कार्बनही उतरला, आणि तो कुठून उतरला हे सांगण्यासारखं आहे. आमचं खारट सांडपाणी बाष्पीभवन यंत्रात, एमईईत जातं. तीन टप्प्यांच्या यंत्रात १००० लिटर पाणी उडवायला साधारण ४०० किलो वाफ लागते. तेवढ्या वाफेला बॉयलरमध्ये ७० किलोच्या आसपास कोळसा, म्हणजे १२० किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड. १ किलो मालामागे १० लिटर पाणी धुतलं तर एकट्या त्या पाण्याचे १.२ किलो, नैसर्गिक वायूच्या हायड्रोजनच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट. लोखंड की हायड्रोजन या वादात आम्ही ज्या गोष्टीकडे बघतही नव्हतो, ती दोघांहून भारी निघाली. ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ ही पाटी अनेक गेटांवर अभिमानाने लावलेली दिसते. पाणी समुद्रात जाणं थांबतं हे खरं, आणि ते थांबायलाच हवं. पण त्या बदल्यात चिमणीतून धूर वाढतो आणि खाली राहिलेलं मीठ गाडीत भरून शंभरेक किलोमीटरवरच्या तळोज्याच्या भराव क्षेत्रात जातं. ओझं नाहीसं होत नाही, खांदा बदलतं. पाणी मुळातच कमी लागेल अशी प्रक्रिया बनवणं हाच त्यावरचा खरा उपाय, आणि तो प्रयोगशाळेतच करता येतो.

सीमा कुठवर न्यायची हा प्रश्न मात्र मनातून जाईना. वसाहतीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपलाइनने नवापूरच्या समुद्रात जातं. सामायिक प्रक्रिया केंद्राची क्षमता अनेक वर्षं दिवसाला २५ दशलक्ष लिटर (एमएलडी) होती, नंतर ५० एमएलडीचं नवं केंद्र उभं राहिलं. तोवर नवापूर-दांडी आणि मुरबे-खारेकुरणच्या खाड्यांनी जे सोसायचं ते सोसलं होतं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना व प्रक्रिया केंद्राला नुकसानभरपाई भरायचा आदेश दिला. मासे कमी झाले, जाळी रंगली, पोटावर पाय आला, हे मच्छीमार त्याआधी कितीतरी वर्षं सांगत होते.

मी नवापूरला गेले ते पाण्याचे नमुने घ्यायला. ओहोटी होती. खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून एक मावशी निवट्या शोधत होती. बिळात हात घालून मासा अलगद बाहेर काढायची आणि कमरेच्या टोपलीत टाकायची. मिळतात का अजून, असं मी विचारलं.

‘मिळतात गं. पण बाजारात नेलं की गिऱ्हाईक आधी विचारतं, मावशी, कुठल्या खाडीच्या? नवापूरच्या म्हटलं की पुढे जातं. मग मी नांदगावच्या म्हणून कशी सांगू? खोटं बोलून विकायचं का?’

माझ्या अमाइनबद्दल युरोपातल्या ग्राहकाने जे विचारलं, तेच तिला आमच्या वसाहतीजवळच्या बोईसरच्या बाजारात रोज विचारलं जात होतं: तुझा माल कुठून आला? फरक इतकाच की तिच्या मालाला लागलेलं ओझं तिने तयार केलेलं नव्हतं.

परत येऊन मी सॉफ्टवेअरमध्ये खाडी शोधू लागले. विषारीपणा मोजायची सर्वाधिक मान्यता असलेली पद्धत म्हणजे यूसेटॉक्स. आमच्याकडे असलेल्या आवृत्तीत जलचरांवरचा परिणाम गोड्या पाण्यापुरताच मोजला जातो. रेसिपी २०१६ ही नेदरलँड्समध्ये विकसित झालेली पद्धत समुद्रही धरते, पण तिचा समुद्र खंडाच्या मापाचा आहे. भरतीला भरणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी एक खाडी त्यात दिसत नाही. मीठ तर बहुतेक पद्धतींत परिणाम म्हणून मोजलंच जात नाही. रंगाला तर रकानाच नाही. जे नवापूरच्या माणसाला सर्वांत आधी दिसतं, पाण्याचा रंग, ते जगातल्या उत्तम साधनाला दिसत नाही. ही साधनं बनवणाऱ्यांचा यात दोष आहे असं मी म्हणणार नाही. ती जगाच्या सरासरीसाठी बनवली आहेत. पण बोईसरमध्ये बसून ती वापरणाऱ्याने आपल्या जागेचे रकाने स्वतः वाढवले नाहीत, तर तो दोष वापरणाऱ्याचा.

म्हणून आम्ही मूळ निकालाशेजारी आणखी चार आकडे ठेवायला सुरुवात केली: किलोमागे खाडीच्या दिशेने जाणारं मीठ, पाण्याचा रंग, न विघटणारा सेंद्रिय अंश, आणि तळोज्याला जाणारा गाळ. यांची बेरीज कार्बनशी करायची नाही, कारण ती करता येत नाही. सगळे आकडे एकाशेजारी एक ठेवायचे आणि ठरवणाऱ्यांनी ते एकत्र बघायचे. या तक्त्यात लोखंडाची पद्धत एका रकान्यात पहिली आणि चारांत शेवटची होती. मीटिंगमध्ये त्यावर बरीच गरमागरमी झाली. पर्चेसचं म्हणणं, ग्राहक फक्त कार्बन विचारतोय. माझं म्हणणं, ग्राहक उद्या बाकीचंही विचारेल, आणि त्याने नाही विचारलं तरी नवापूर विचारतंय.

ग्राहकाला कार्बनचा आकडा पाठवला, सोबत सगळी गृहीतकं आणि गाळाचा रकानाही पाठवला. आधीचा माल अजून लोखंडावरच चालतो, कारण ऑटोक्लेव्हचा खर्च, हायड्रोजनच्या सुरक्षेसाठी लागणारी स्वतंत्र मोकळी जागा आणि परवानग्या एका उत्पादनाच्या जिवावर जमत नाहीत. पुढचं उत्पादन मात्र पहिल्यापासून हायड्रोजनवर बेतलं आहे. तो ग्रिडच्या विजेने करायचा नाही, गुजरातमधल्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत मिठाच्या विघटनात सोबत निघणारा, ट्यूब ट्रेलरमधून येणारा घ्यायचा, हेही त्याच तक्त्याने सुचवलं. शिवाय हायड्रोजनेशनच्या क्रियेत उष्णता भरपूर सुटते, १ किलो अ‍ॅनिलिनमागे साडेपाच मेगाज्यूलच्या वर. बहुतेक ठिकाणी ती कूलिंग टॉवरवर उडवून देतात. आम्ही ती धुण्याचं पाणी तापवायला जोडायची रचना केली आहे, म्हणजे बॉयलरची तेवढी वाफ वाचेल.

नवं उत्पादन फ्लास्कमध्ये असताना आकडे कमी असतात आणि तेही कच्चे. प्लांट उभा राहिला की आकडे पक्के मिळतात, पण तेव्हा बदलता येण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणून आमच्याकडे आता एक लिटरच्या फ्लास्कच्या टप्प्यावरच ढोबळ एलसीए होतं. द्रावक कोणतं, ते किती वेळा परत मिळवता येईल, मीठ किती तयार होईल, धुणी किती, उत्प्रेरक परत जाईल का, एवढं एका पानावर. केमिस्ट मुलं सुरुवातीला कंटाळायची. आता त्यांच्यातलीच एक दोन द्रावकांची तुलना करून माझ्याआधी तक्ता भरून आणते आणि म्हणते, ताई, दुसऱ्याला यील्ड दोन टक्के कमी आहे, पण मीठ निम्मं.

गाळाचंही काही सुचलं. सिमेंटच्या भट्टीला लोह लागतंच, आणि आमचा गाळ म्हणजे लोहच. भट्ट्या मात्र चंद्रपूरला किंवा सौराष्ट्रात. इतकं लांब नेऊन काय साधणार, असं सगळ्यांनाच वाटलं. ट्रकला टनामागे किलोमीटरला सुमारे ०.१ किलो कार्बन धरला तर चंद्रपूरचे ९०० किलोमीटर म्हणजे टनाला ९० किलो, किलोभर गाळाला ९० ग्रॅम. अंतराची भीती मनात असते तेवढी आकड्यात नव्हती. अडचण भाड्याची होती, आणि ती पर्चेसशी भांडून सोडवण्यासारखी आहे.

सध्या मी अडकले आहे ते मिठात. आमच्या बाष्पीभवन यंत्रात उरतं ते मुख्यतः सोडियम सल्फेट. आमच्याच वसाहतीत कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसेस आहेत, आणि त्यांना रंग कापडावर चढवायला सोडियम सल्फेट लागतं. ते ग्लॉबर सॉल्ट म्हणून बाहेरून विकत आणतात. एकाच रस्त्यावरून एका बाजूला हे मीठ तळोज्याला पुरायला जातं आणि दुसऱ्या बाजूने तेच मीठ विकत येतं. आडवा येतो तो त्यातला सेंद्रिय अंश. तो असेल तर फिकट कापडावर डाग पडतात, आणि रंगवणारा असं मीठ दुसऱ्यांदा घेणार नाही. सक्रिय कार्बनमधून गाळून आणि पुन्हा स्फटिक बनवून तो कुठवर खाली येतो याच्या चाचण्या सुरू आहेत. पांढऱ्याच्या जवळचे नमुने मिळू लागले आहेत. स्फटिकीकरणाला लागणारी वाफ तक्त्यात धरली तर फायदा काठावर येतो, म्हणून हायड्रोजनेशनच्या उष्णतेचा एक भाग इकडे वळवता येतो का ते बघतो आहोत. शेजारच्या एका प्रोसेस हाऊसचे डाइंग मास्टर एक छोटा लॉट गडद रंगावर घेऊन बघायला तयार झाले आहेत. घातक कचरा नियमांच्या नियम ९ खाली राज्य मंडळाची परवानगी लागेल, त्याचा अर्ज तयार होतो आहे, आणि त्याला जोडायच्या तक्त्यात मिठाच्या रकान्याशेजारी मी खाडीचा रकाना ठेवला आहे.